एचआर तोंडी म्हणतं, ‘राजीनामा देऊन टाका’

वाचकाचं पत्र: मी 44 वर्षांची आहे. डोंबिवलीहून अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत जाते. कंपनी मशीनचे सुटे भाग विकते. अकाउंट्समध्ये 16 वर्षं 8 महिने झाले, पद ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’. आम्ही पाच जणी पार्ट्यांची (माल-सेवा पुरवणाऱ्यांची) बिलं चढवतो, जुळवतो, पेमेंटला लावतो. येत्या ऑक्टोबरपासून नवं ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) येतंय, सोबत बिल वाचून आपोआप एंट्री करणारं सॉफ्टवेअर. पाचांतल्या दोघीच राहतील असं कानावर आलं. परवा एचआरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ‘स्वतःहून राजीनामा दिलात तर तीन महिन्यांचा पगार देऊ, शुक्रवारपर्यंत कळवा.’ लेखी काहीच नाही. एकूण पगार 52 हजार, त्यात बेसिक 32 हजार. घराचा हप्ता 21 हजार, मुलगा दहावीला. एक क्लास 85 हजारांत एआय आणि डेटा सायन्स शिकवतो म्हणतोय. करू का? या वयात दुसरीकडे कोण घेईल? घरी अजून बोलले नाही. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

ताई, शुक्रवारी राजीनाम्यावर सही करायची नाही आणि क्लासला पैसेही भरायचे नाहीत. एवढं सांभाळलंत की बाकीच्या गोष्टींना वेळ आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण एचआरची घाई त्यापायीच आहे. माणसाने राजीनामा दिला तर कंपनीला नोकरकपातीची भरपाई द्यावी लागत नाही. कंपनीने कमी केलं तर द्यावी लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि कपातीचे नियम आता औद्योगिक संबंध संहितेत आहेत. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर कारण लिहून महिन्याची नोटीस किंवा त्याबदली पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 17 वर्षं. 32 हजारांच्या बेसिकवर हिशेब केला तर ही भरपाई 2 लाख 72 हजार ते 3 लाख 14 हजार होते. महिना 30 दिवसांचा धरला की 26 दिवसांचा, एवढाच फरक. नोटिशीचा एक पगार 52 हजार. पुन्हा कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत कंपनीने आणखी 15 दिवसांचे वेतन, तुमच्या बाबतीत 16 हजार, भरायचे असतात आणि ते कपातीनंतर 45 दिवसांत तुमच्या खात्यात येतात. बेरीज 3 लाख 40 हजार ते 3 लाख 82 हजार. तुम्हाला देऊ केलेत 1 लाख 56 हजार.

ग्रॅच्युइटी यात धरलेली नाही. ती तुम्ही राजीनामा दिलात तरी मिळते: 32,000 × 15 ÷ 26 × 17, म्हणजे 3 लाख 13 हजार 846 रुपये, आणि ती 30 दिवसांत द्यायची असते. ‘तीन महिन्यांच्या पगारात सगळं आलं’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा समोर ठेवा. साठलेल्या रजेचे पैसे कंपनीच्या नियमांप्रमाणे वेगळे. शेवटचा राहिलेला पगार नोकरी सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत द्यावा, असं वेतन संहिता सांगते.

आता तुमच्या पदाचं. ‘तुम्ही सीनियर एक्झिक्युटिव्ह, कामगार नाही, हे तुम्हाला लागू नाही’ हे वाक्य तुमच्या कानावर बहुधा येईलच. पदाच्या नावावरून ते ठरत नाही, रोजच्या कामावरून ठरतं. कारकुनी काम करणारा संहितेच्या व्याख्येत येतो. 18 हजारांच्या पगाराची अट आहे ती सुपरवायझरला, कारकुनी कामाला नाही. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का, कुणाला कामावर घेता-काढता का, पेमेंटला अंतिम मंजुरी तुमची असते का? तिन्हींना ‘नाही’ असेल तर तुमची बाजू चांगली आहे. शिवाय वेगळा करार नसेल तर त्या कामातल्या शेवटी आलेल्या माणसाला आधी कमी करायचं, तसं न केल्यास कारण नोंदवायचं, असाही नियम आहे. पाच जणींत तुम्ही जुन्या असाल तर हे विसरू नका.

उद्या एचआरला चार ओळींचा मेल करा. अमुक तारखेला आपण तोंडी प्रस्ताव दिलात, तो लेखी द्यावा. रकमेची फोड द्यावी, म्हणजे नोटिशीचा पगार, भरपाई, ग्रॅच्युइटी, रजा हे सगळं वेगवेगळं. विचारासाठी 15 दिवस द्यावेत. आणि मला काम सुरू ठेवायचं आहे, नव्या प्रणालीचं प्रशिक्षण घ्यायला मी तयार आहे. शेवटचं वाक्य गाळू नका. पुढे वाद झालाच तर तुम्ही राजीनामा द्यायला उत्सुक नव्हता, हे त्याच ओळीवरून दिसेल. मेलची प्रत स्वतःच्या खाजगी पत्त्यावर ठेवा. अपॉइंटमेंट लेटर, पगारवाढीची पत्रं, निदान वर्षभराच्या पगाराच्या स्लिपा हेही आजच घरी आणा. कागद तुमचे आहेत, पण ऑफिसचं लॉगिन बंद झालं की मिळत नाहीत. कंपनीची बिलं किंवा पार्ट्यांच्या याद्या मात्र आणायच्या नाहीत. त्यावरून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

सल्ल्यासाठी वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येते. कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात आहे. तिथे जायची वेळ येईलच असं नाही. आकडे माहीत असलेल्या माणसाशी एचआर वेगळ्या सुरात बोलतं. आणि शेवटी रक्कम 4 लाखांच्या आसपास गेली, ग्रॅच्युइटी वेगळी मिळाली, अनुभवाचं पत्र नीट मिळालं, तर ठरवून बाहेर पडण्यातही काही कमीपणा नाही.

पण आमच्या मते तुम्ही त्या दोघींपैकी एक होण्याचा प्रयत्न आधी करावा. वेळ अजून आहे.

बिल वाचणारं सॉफ्टवेअर छापील, स्वच्छ, एका पानाचं बिल चांगलं वाचतं. ते अडखळतं तिथे तुमची 16 वर्षं कामाला येतात. पार्टीची क्रेडिट नोट साध्या बिलासारखी वाचली जाते आणि वजा व्हायची रक्कम अधिक होते. बिलावर ‘2 बॉक्स’, ऑर्डरमध्ये ‘200 नग’, म्हणून बिल, ऑर्डर आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) ही तिन्ही जुळत नाहीत आणि पेमेंट अडकतं. माल अर्धा आला, बिल पूर्ण आलं. ट्रान्सपोर्टरच्या बिलात जीएसटी नाही म्हणून मशीन शून्य कर धरतं, पण रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायच्या नियमाने, तो बहुतेकदा कंपनीनेच भरायचा असतो. जीएसटी वेगळा दाखवलेला असताना टीडीएस करासकट रकमेवर कापला जातो. 05/06/2026 ही 5 जून की 6 मे? एकच बिल मेलने ‘एबी/045’ आणि कुरियरने ‘एबी-45’ असं दोनदा आलं, तर मशीनच्या लेखी ती दोन बिलं, आणि पैसे दोनदा जातात.

उद्यापासून या सगळ्याची एक्सेलमध्ये नोंद ठेवा. तारीख, पार्टी, काय चुकलं, किती रुपयांचं, कारण काय, कुणी सोडवलं, किती वेळ लागला: सात रकाने पुरे. रोज संध्याकाळी निघण्याआधी पाच मिनिटं. ही फाईल ऑफिसच्याच संगणकावर राहू द्या. सहा आठवड्यांत कोणत्या पार्ट्या आणि कोणत्या चुका पुन्हा पुन्हा येतात ते दिसू लागेल. मग त्यातून 30 नमुने निवडा, प्रत्येकापुढे ‘प्रणालीने काय करायला हवं’ असं एक वाक्य लिहा, आणि ते घेऊन एचआरकडे न जाता फायनान्सच्या प्रमुखांकडे जा. ईआरपी सुरू होण्याआधी यूएटी नावाची चाचणी होते. सल्लागार कंपनीच्या पोरांना तुमच्या पार्ट्यांच्या खोडी माहीत नसतात, ती मंडळी साधी पाच-दहा बिलं घालून ‘पास’ लिहून मोकळी होतात आणि खरी भानगड पहिल्या महिनाअखेरीला उघडी पडते. म्हणून प्रत्येक विभागातून एक-दोन ‘की-यूजर’, म्हणजे काम जाणणारी माणसं, चाचणीला मागतात. तुमचं नाव त्या यादीत जायला हवं. तोंडी मागू नका, मेलने मागा, सोबत ते 30 नमुने जोडा. चाचणीच्या मध्यावर की-यूजरला घरी पाठवणं कंपनीलाच महागात पडतं.

दुसरं काम त्याहून मोठं आहे आणि सहसा कुणालाच नको असतं: पार्ट्यांची मास्टर यादी साफ करणं. जुन्या सॉफ्टवेअरमधून यादी जशीच्या तशी उचलली की नव्यात घाणही जशीच्या तशी जाते. उपाय सोपा आहे. 15 अक्षरी जीएसटी क्रमांकातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची 10 अक्षरं म्हणजे पॅन. एक्सेलच्या ‘मिड’ सूत्राने ती वेगळी काढा (सुरुवात 3, लांबी 10) आणि त्यावर यादी लावा. एकाच पॅनवर दोन खाती दिसली तर पहिले दोन आकडे बघा. 27 म्हणजे महाराष्ट्र. राज्य वेगळं असेल तर दोन खाती बरोबर असू शकतात. राज्यही तेच असेल तर बहुतेक वेळा एकच पार्टी दोन स्पेलिंगांनी चढलेली असते. एकत्र करण्याआधी दोन्ही लेजरांची शिल्लक जुळवून घ्या, नाहीतर एका खात्यातला अॅडव्हान्स तिथेच पडून राहतो आणि दुसऱ्यातून पूर्ण पेमेंट जातं.

त्याच यादीत ‘उद्यम’ नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) रकाना घाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा 100 कोटी झाली, त्यामुळे पूर्वी बाहेर असलेल्या बऱ्याच पार्ट्या आता आत आल्या असतील. निव्वळ व्यापारी यात येत नाहीत, म्हणून उद्यमच्या प्रमाणपत्रावर उत्पादन लिहिलंय, सेवा की व्यापार, हे पाहूनच खूण करा. ही यादी तयार आहे असं सांगितलंत की फायनान्सचे साहेब लक्ष देऊन ऐकतील, कारण मार्चअखेरीला ऑडिटर हेच विचारतो.

आणि पार्टीचं बँक खातं बदलल्याचा मेल आला तर मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर करायचा, आणि बदल एकीने करायचा, मंजुरी दुसरीने द्यायची. या फसवणुकीत गेलेले पैसे परत मिळवणं फार अवघड असतं. नव्या प्रणालीत हा दोन माणसांचा टप्पा ठेवला आहे का, हे विचारणारी व्यक्ती तुम्ही व्हा.

शिकण्याबद्दल. डेटा सायन्सचा कोर्स वाईट असतो असं नाही, पण तुमच्या कामाशी त्याचा धागा लांबचा आहे, आणि नोकरी डळमळीत असताना चार हप्त्यांएवढी रक्कम त्यात अडकवणं चूक आहे. तुम्हाला आत्ता एक्सेलमधली पॉवर क्वेरी, म्हणजे याद्या साफ करून जोडणारी सोय, हवी. ती एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमध्येच असते, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर धडे फुकट आहेत. तुमचं ईआरपी सॅप असेल तर सॅपच्या शिक्षण-संकेतस्थळावरही बरेच धडे मोफत मिळतात. तिथे बिल चढवण्याचा एफबी60, ऑर्डरवरच्या बिलाचा मिरो, पार्टीचं लेजर बघण्याचा एफबीएल1एन आणि पेमेंट रनचा एफ110, हे चार कोड हातात बसले की तुमच्या रोजच्या कामाचा बराचसा भाग आला.

सराव दुसऱ्याच्या उदाहरणांवर करू नका, जीएसटीआर-2बीच्या (पार्ट्यांनी जीएसटीत दाखवलेल्या तुमच्या खरेदीच्या यादीच्या) जुळवणीवर करा. दर महिन्याच्या 14 तारखेला 2बी तयार होतं आणि 20 तारखेला 3बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायचं असतं. मधले दिवस तुमच्या टेबलावर कसे जातात ते तुम्हाला माहीतच आहे. 2बी आणि खरेदीचं रजिस्टर दोन्ही पॉवर क्वेरीत घ्या. सगळ्यात आधी बिल नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ करा. तसं न केल्यास एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं, आणि 16 आकडी बिल नंबर असेल तर शेवटचा आकडा शून्य करून टाकतं, कारण त्याला 15 च आकडे धरता येतात. मग नंबरातून तिरकी रेघ, डॅश, मोकळी जागा काढा, इंग्रजी अक्षरं सगळी कॅपिटल करा, आकड्यांआधीची शून्यं काढा. जुळवणीची किल्ली म्हणजे पार्टीचा जीएसटी क्रमांक, साफ केलेला बिल नंबर आणि आर्थिक वर्ष. वर्ष विसरलात तर एप्रिलमधलं 1 नंबरचं बिल गेल्या एप्रिलमधल्या 1 नंबरशी जुळतं आणि फाईल खोटंच ‘बरोबर’ दाखवते. जोडणी ‘फुल आउटर’ ठेवा, म्हणजे दोन्हीकडची सुटलेली बिलं दिसतील, आणि करात रुपयाभराचा फरक मान्य करा, नाहीतर पैशांच्या गोळाबेरजेमुळे शेकडो ओळी लाल होतात. एकदा हे बसलं की पुढच्या महिन्यात नवी फाईल टाकायची आणि ‘रिफ्रेश’ दाबायचं. पहिल्या महिन्यात मात्र जुन्या पद्धतीनेही करा आणि दोन्हींचे आकडे ताडून पाहा.

एआय चॅटबॉट सूत्रं लिहायला चांगला मदतनीस आहे. अडलं की विचारा, पण खोट्या नावांची पाच ओळींची फाईल करून. खऱ्या पार्ट्यांची बिलं, खाती, पॅन त्यात टाकायचे नाहीत.

अभ्यास केव्हा? डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रो, रात्री परत तसंच. सकाळच्या फास्टमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ, तिथे शिकायचं मनात आणू नका. शनिवार-रविवारी सकाळी दीड-दीड तास, संगणकासमोर बसून. मुलगा दहावीला आहे, घरात तसंही टीव्ही बंदच असेल.

बाहेरची नोकरीही आजपासूनच बघा, हातात नोकरी असताना. 44 हे वय पेमेंट विभागात अडसर ठरतं ते अर्ज ‘बिल एंट्री’साठी केला तर, त्या जागा खरंच कमी होत आहेत आणि पंचविशीतली मुलं निम्म्या पगारात येतात. बिलांची जुळवणी, जीएसटी ताळमेळ, पार्ट्यांचे वाद, महिनाअखेर या कामांना अनुभवी माणूस लागतो. मोठ्या कंपन्यांची सामायिक अकाउंट्स केंद्रं ऐरोली, ठाणे, पवई, मालाड भागात आहेत. तुम्हाला ऐरोली सर्वांत सोयीचं: डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर. रेझ्युमेतून ‘पार्ट्यांची बिलं पाहणे’ काढा. महिन्याला किती बिलं, किती पार्ट्या, 2बी जुळवायला आधी किती दिवस लागत आणि आता किती, दोनदा जाणारं कोणतं पेमेंट अडवलं, हे लिहा. आकडे खरेच द्या, मुलाखतीत त्यावरच खोदतात. ‘बिल आलं, जीआरएन नाही, पार्टी रोज फोन करते, काय कराल?’ अशा प्रश्नांची उत्तरं घरी मोठ्याने म्हणून बघा, इंग्रजीतून.

ऑफर आली की सीटीसीला, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाच्या आकड्याला, भुलू नका. त्यात कंपनीचा पीएफ आणि बेसिकच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटीही मिळवलेली असते; हातात किती येणार ते विचारा, आणि त्यातला किती भाग ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा, आहे तेही. पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफच्या कायमच्या क्रमांकावरून) नव्या खात्यात वळवा. नोकरीची 10 वर्षं भरलेली असल्याने पेन्शनचा तुमचा हक्क पक्का झालेला आहे. आधार आणि पीएफच्या नोंदीत नाव, जन्मतारीख एकसारखी आहे का ते याच आठवड्यात बघा. लग्नाआधीच्या नावामुळे खूप जणींचे पैसे अडकतात, आणि दुरुस्ती जुनी कंपनी ओळखत असेपर्यंतच सोपी असते.

घरी आज सांगा, पण आकडे घेऊन बसा. हप्ता 21 हजार आणि घरखर्च मिळून महिन्याला किती लागतात, ते गुणिले सहा, एवढी रक्कम बँकेत मोकळी हवी. ती भरेपर्यंत कर्जाचा जादा हप्ता, नवी एसआयपी, सोनं, सगळं थांबवा. मुलापासूनही लपवू नका, त्याला कुजबुज कळतेच. आणि क्लाससाठी काढून ठेवलेल्या पैशांतून आधी कुटुंबाचा स्वतःचा आरोग्य विमा घ्या. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ही मुदत नोकरी असतानाच मोजायला लागलेली बरी. घरात कुणाला बीपी, साखर असेल तर अर्जात ते स्पष्ट लिहा. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला जातो.